शिंपल्याच्या पदरात जुना उन्हाळा

"सव्वा लाख वर्षांत पृथ्वी इतकी तापली नव्हती" अशा अर्थाची बातमी आता दर उन्हाळ्यात येते. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने जास्त गरम ठरलं असं जागतिक हवामान संघटनेने सांगितलं, तेव्हाही ती आली. आणि चहाच्या टपरीवर पेपर चाळणारा कुणीतरी हमखास विचारतो, "सव्वा लाख वर्षांपूर्वी थर्मामीटर घेऊन कोण बसलं होतं रे?"

विचारण्यात टिंगल असली तरी प्रश्न रास्त आहे. फॅरेनहाइटने पाऱ्याचा भरवशाचा थर्मामीटर बनवला तो १७१४ साली. आपलं हवामान खातं १८७५ सालचं. साऱ्या पृथ्वीची सरासरी काढण्याइतक्या नोंदी मिळतात त्या साधारण १८५० पासून. त्याआधीचं तापमान कुणी पाऱ्यावर वाचलेलं नाही. ते कशावरून तरी ताडलेलं आहे.

पण ताडणं म्हणजे अंदाजपंचे नव्हे. सकाळी अंगण ओलं दिसलं, पागोळ्यांखाली माती उडालेली दिसली, की रात्री पाऊस झाला हे सांगायला जागं असावं लागत नाही. किती झाला हे सांगायचं असेल तर मात्र अंगणात एखादी बादली राहिलेली असावी लागते. जुन्या हवामानाचा अभ्यास म्हणजे अशा विसरून राहिलेल्या बादल्यांचा शोध. झाडांची वर्तुळं, ध्रुवांवरचा बर्फ, समुद्रतळाचा गाळ, प्रवाळ या त्यातल्या माहितीतल्या. इथे सांगतोय ती बादली मात्र आपण मासळी खाणारी मंडळी कित्येकदा धुऊन, चाटूनपुसून कचऱ्यात टाकतो.

सगळ्याच शिंपल्यांत ती नसते

शिनाण्यांची आमटी खाऊन झाल्यावर ताटाच्या कडेला जो ढीग उरतो, त्यातलं एखादं कवच उजेडात धरा. बाहेरून हिरवट-काळपट, आतून निळसर, जांभळट, हलवलं की रंग सरकतात. हे चकाकतं अस्तर म्हणजे आपला विषय. इंग्रजीत त्याला 'मदर ऑफ पर्ल' म्हणजे मोत्याची आई म्हणतात, आणि शास्त्रज्ञ 'नेकर' म्हणतात. मराठीत त्याला एकच एक रुळलेला शब्द नाही. मी या लेखात 'मोतीथर' म्हणणार आहे, कारण मोती याच पदार्थाचा बनतो. कवचात शिरलेल्या उपऱ्या गोष्टीभोवती प्राणी हेच अस्तर गोल गोल चढवत जातो, त्याला आपण मोती म्हणून नथीत ओवतो.

तिसऱ्यांच्या कवचात मात्र हे अस्तर शोधू नका. ती आतून चिनी मातीच्या कपासारखी गुळगुळीत पांढरी असतात, त्यांची घडण निराळी. कालवांतही मोतीथर नसतो. आणि सगळ्यांत जास्त फसवतात त्या गोव्यातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या. काचेऐवजी बसवलेले ते पातळ, दुधाळ शिंपले मोत्यासारखेच वाटतात, पण तोही मोतीथर नव्हे. त्यांचं स्फटिक वेगळं, रचना वेगळी. चमकतं ते सगळं मोतीथर नसतं, इतकं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

चिऱ्याची भिंत

शिंपला कशाचा असतो? मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. खडू, चुनखडी, अंड्याचं टरफल, संगमरवर ही सगळी त्याचीच रूपं. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करायचे तो याच गुणामुळे. (कोकणातल्या जुन्या बांधकामांच्या चुन्यात असे किती उन्हाळे-पावसाळे जळून गेले असतील, असा विचार मला अधूनमधून छळतो.)

मोतीथरात हे कॅल्शियम कार्बोनेट 'अ‍ॅरागोनाइट' नावाच्या स्फटिकरूपात असतं. हा शब्द पुढे एकदा लागेल, म्हणून सांगून ठेवतो. त्याचंच दुसरं, जास्त टिकाऊ रूप म्हणजे कॅल्साइट. दोन्हींचं रासायनिक सूत्र एकच, अणूंची मांडणी वेगळी. एकाच पिठाची पुरी आणि पोळी म्हणा ना.

आता या अस्तराचा छेद घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर काय दिसतं? चिऱ्याची भिंत. एकावर एक रचलेल्या चपट्या विटा आणि मधे पातळ गारा. प्रत्येक वीट पाच ते पंधरा मायक्रॉन रुंद आणि जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या जाडीत अशा विटांचे सव्वाशेच्या वर थर मावतील. मिलिमीटरभर अस्तरात दोन हजार. विटांमधला गारा म्हणजे प्रथिनं आणि कायटिन यांचा पापुद्रा, तो तर विटेच्याही दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढा.

वजनाने बघाल तर ९५ टक्के वीट आणि जेमतेम ५ टक्के गारा. पण त्या पाच टक्क्यांनी कमाल केली आहे. नुसत्या अ‍ॅरागोनाइटचा तुकडा खडूसारखा मोडतो. तोच पदार्थ असा पदरापदराने रचला की त्याला तडा देऊन आरपार फोडायला हजारो पट ऊर्जा खर्चावी लागते. अभ्यासांत ३,००० पट हा आकडा वारंवार येतो. तडा एका विटेपाशी आला की गाऱ्यात अडकतो, वळसा घेतो, दमतो.

रंग येतात तेही या पदरांमुळेच. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, आणि विटेची जाडी अर्धा मायक्रॉन. दोन्ही मापं एकाच घरातली. त्यामुळे एकेका पदरावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळताना काही रंग उजळतात, काही विझतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर इंद्रधनुष्य दिसतं, त्यातलीच गोष्ट. मोतीथरात रंगद्रव्याची फारशी गरज नाही, जाडीच रंग दाखवते. आणि जाडी बदलली तर चमक बदलते. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

मोतीवाल्यांना थंडी का हवी असते

जपानमध्ये कोकिची मिकिमोतोने १८९३ साली माणसाच्या हातून पेरलेला अर्धगोल मोती काढला. तिथून आकोया मोत्यांची शेती वाढली. आकोयाचा शिंपला आपल्या मन्नारच्या आखातातल्या मोत्याच्या शिंपल्याचा सख्खा भाऊबंद, जवळजवळ एकच जात. या मोतीवाल्यांचा एक जुना रिवाज आहे: मोती काढायचे ते हिवाळ्यात. कारण गार पाण्यात प्राणी अस्तर हळूहळू चढवतो, वरचे शेवटचे पदर पातळ आणि घट्ट बसतात, आणि मोत्याला खरं पाणी चढतं. उन्हाळ्यात काढलेला मोती मंद दिसतो.

म्हणजे पाणी गरम असेल तर वीट जाड आणि गार असेल तर बारीक, हे मोतीवाल्यांच्या डोळ्यांना कळत होतं. त्यांनी त्याला तापमापक म्हटलं नाही इतकंच. त्यांना भाव मिळण्याशी मतलब.

शास्त्रज्ञांनी तेच उलट्या बाजूने विचारलं. गार पाण्यात पदर पातळ होत असतील, तर पातळ पदर पाहून पाणी गार होतं असं म्हणता येईल का? आणि किती गार, हे अंशांत सांगता येईल का?

मोजपट्टी कशी लागली

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक पुपा गिल्बर्ट मोतीथराच्या घडणीवर बरीच वर्षं काम करतात. मूळच्या इटलीच्या. त्यांच्या गटाने २०१७ साली 'अर्थ अँड प्लॅनेटरी सायन्स लेटर्स' या नियतकालिकात या प्रश्नाचं उत्तर छापलं.

त्यांनी पिन्ना आणि त्याच्या नात्यातले अत्रिना हे उथळ पाण्यातले शिंपले निवडले. पिन्नांतला भूमध्य समुद्रातला मोठा भाऊ म्हणजे पिन्ना नोबिलिस. हा शिंपला म्हणजे प्रकरण आहे. टोकदार बाजू वाळूत रोवून उभा राहतो, सुपासारखा पसरतो, आणि मीटरभराहूनही उंच वाढू शकतो. जमिनीला धरून ठेवण्यासाठी तो जे चिवट धागे सोडतो, त्यांपासून इटलीच्या सार्डिनिया बेटावर सोनेरी 'सागरी रेशीम' विणत. हा प्राणी दशकानुदशकं जगतो आणि वर्षभर एकाच जागी उभा असतो. तापमापकाकडून आणखी काय अपेक्षा करणार? हललाच नाही तर उत्तमच.

 मोजपट्टी लावायची ती अशी: शिंपल्यातल्या विटांची सरासरी जाडी काढायची, आणि त्याच कवचात जड अणू एकमेकांना चिकटून किती बसलेत यावरून काढलेलं पाण्याचं तापमान शेजारी ठेवायचं (अणूंची ही गोष्ट पुढे येते). दोन्ही सोबत चढले, सोबत उतरले. पाणी गरम, वीट जाड. मग याच नात्याचा वापर करून त्यांनी जीवाश्म शिंपले पाहिले, अगदी २० कोटी वर्षांपर्यंतचे, आणि ज्यांत मोतीथर शाबूत होता त्यांतही जाडी वाचता आली.

असं का होतं, हे ढोबळपणे सांगता येतं. प्राणी आधी गाऱ्याचे पापुद्रे अंथरतो आणि मधल्या जागेत स्फटिक वाढतात. उष्णतेने स्फटिकाची वाढ जोर धरते, जसं उन्हाळ्यात पीठ भराभर फुगतं आणि थंडीत ते कणगीशेजारी गुंडाळून ठेवलं तरी हलत नाही. पण मोजमाप उभं आहे ते या स्पष्टीकरणावर नव्हे. ते उभं आहे प्रत्यक्ष शिंपल्यात मोजलेल्या नात्यावर.

यातली खरी नवलाई मला वाटते ती अशी, की मोजपट्टी एकदा लागली की रसायनशास्त्राला हात लावावा लागत नाही. मोजायचं आहे ते फक्त अंतर.

मग आधीची, ऑक्सिजन मोजण्याची पद्धत काय वाईट होती?

वाईट अजिबात नव्हती. हवामानाच्या इतिहासाचा निम्मा डोलारा तिच्यावर उभा आहे. पण मोतीथर कशासाठी हवा हे कळायला तिचं दुखणं समजून घ्यायला हवं, म्हणून इथे जरा थांबतो.

ऑक्सिजनचे अणू सगळे एकाच वजनाचे नसतात. बहुतेक १६ वजनाचे, पण साधारण पाचशेत एक १८ वजनाचा. अशा भावंडांना समस्थानिक म्हणतात. हॅरॉल्ड युरी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने, ज्याला जड हायड्रोजनच्या शोधाबद्दल १९३४ चं नोबेल मिळालं होतं, १९४७ साली हिशोब मांडला: समुद्रात शिंपला बनताना पाणी जितकं गार, तितके जड ऑक्सिजन कवचात जरा जास्त बसतात. फरक अगदी बारीक. हजारात एक भाग बदलायला चार-पाच अंशांचा फरक लागतो. पण मोजता येतो.

१९५१ साली युरी आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा एक बेलेम्नाइट घेतला. बेलेम्नाइट म्हणजे माकुळाचा नामशेष झालेला पूर्वज-भाईबंद; त्याच्या अंगात गोळीसारखी घट्ट कांडी असायची. पंधरा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीची ती कांडी त्यांनी वर्तुळावर्तुळाने खरवडली, आणि लिहिलं की या प्राण्याने तरुणपणानंतर तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले, लहानपणी पाणी म्हातारपणापेक्षा गरम होतं, आणि तो सुमारे चार वर्षांचा होऊन वसंतात मेला. दगडातल्या एका प्राण्याचं हे मृत्युपत्र वाचून मी पहिल्यांदा थक्क झालो होतो.

दुखणं कुठे आहे? शिंपल्यातला ऑक्सिजन पाण्यातून येतो. पाण्यातच जड ऑक्सिजन किती होता हे माहीत नसेल तर हिशोब फसतो. भाजी खारट झाली म्हणून मीठ जास्त पडलं असं आपण म्हणतो, पण नळाचं पाणीच मचूळ असेल तर?

आणि पाणी बदलतं. वाफ होताना हलके अणू आधी उडतात. ते पावसाने जमिनीवर येतात, ध्रुवांवर बर्फ होऊन साठतात. हिमयुगात, साधारण २० हजार वर्षांपूर्वी, इतकं पाणी बर्फात अडकलं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. हलका ऑक्सिजन बर्फात, जड मागे समुद्रात. फक्त यामुळे समुद्राच्या पाण्याचं गुणोत्तर हजारात सुमारे एक भागाने सरकलं. वरचा हिशोब आठवा: हजारात एक म्हणजे चार-पाच अंश. म्हणजे पाणी तसूभरही गार झालं नसतं, तरी नुसत्या बर्फामुळे शिंपल्याने "चार अंशांनी गारठलो" असं सांगितलं असतं.

हे कोकणच्या खाडीतही समजून घेता येईल. खाडीच्या तोंडाशी खडकाला चिकटलेलं शिनाणं धरा. जुलैत सह्याद्रीवर पाऊस कोसळतो, नद्या फुगतात, खाडीचं पाणी गोडसर होतं. पावसाचं पाणी हलक्या ऑक्सिजनचं. ते कवचात गेलं की ऑक्सिजनवाचक म्हणेल, पाणी एकाएकी गरम झालं. प्रत्यक्षात भरती-ओहोटीत ते भिजून कुडकुडत असेल. (शिनाणं कुडकुडतं का, हे मला विचारू नका.)

यावर उपाय निघालेच नाहीत असं नाही. सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचातलं मॅग्नेशियम मोजतात, शैवालांच्या मेदातले रेणू मोजतात, जड अणू एकमेकांना चिकटून किती बसलेत हे मोजतात. प्रत्येक उपायाची आपापली खोड आहे. मॅग्नेशियमला समुद्रातलं मॅग्नेशियम किती होतं हे माहीत असावं लागतं, वगैरे. यांतल्या बऱ्याच पद्धती शेवटी समुद्राच्या पाण्याच्या घडणीत नाहीतर रसायनात कुठेतरी अडकतात.

विटेची जाडी मात्र पाण्यात बर्फ वितळला की गोठला याची चौकशी करत नाही. म्हणून मोतीथर मोलाचा. तो ऑक्सिजनपेक्षा हुशार आहे असं मी म्हणणार नाही, तसा दावा कुणी केला तर सावध राहा. तो दुसरा साक्षीदार आहे, आणि पहिल्याच्या ओळखीचा नाही. कोर्टात दोन सख्ख्या भावांची साक्ष जुळली तर वकील भुवई उंचावतो. दोन अनोळखी माणसांची जुळली तर मात्र गप्प बसतो.

"कोट्यवधी वर्षं दगडाखाली दबून विटा चेपल्या नसतील?"

शंका बरोबर आहे. पण मोतीथराची एक सोय आहे: तो बिघडला तर लपवून ठेवत नाही.

अ‍ॅरागोनाइट मुळात फार स्थिर नाही. जमिनीत पाणी झिरपलं, उष्णता वाढली, काळ गेला, की तो विरघळून पुन्हा कॅल्साइट म्हणून बसतो. तसं झालं की विटांची रांग पुसली जाते, चमक जाते, आणि हाती येतो तो साधा दगडी साचा. सूक्ष्मदर्शकाखाली विटा आहेत किंवा नाहीत, हे दिसतं. ऑक्सिजनच्या बाबतीत असं सोपं नाही. तिथे कवच वरून धड दिसत असताना आतलं गुणोत्तर कधी बदललं हे कळायला बऱ्याच परीक्षा घ्याव्या लागतात.

म्हणून जुने शाबूत मोतीथर कमी सापडतात, आणि सापडतात ते बहुधा चिकणमातीच्या घट्ट थरांत, जिथे पाणी शिरलेलं नाही. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात क्रिटेशस काळातल्या अमोनाइटांची (गोल वळलेल्या कवचाचे, माकुळाच्या नात्यातले नामशेष प्राणी) कवचं अजून लाल-हिरव्या रंगांनी अशी झळाळतात की त्यांचे दागिने करतात, 'अमोलाइट' या नावाने. सात कोटी वर्षांनीही पदर जागेवर आहेत. मात्र रंग झळाळतो म्हणून जाडी मूळचीच राहिली असं लगेच मानायचं नसतं. आधी विटा नीट पाहायच्या, मग मोजायच्या.

"प्रत्येक प्राण्याच्या हाताची धाटणी वेगळी नसेल?"

असतेच. एका सुगरणीची चपाती पातळ, दुसरीची जाड. शिंपल्यांतही जातीजातीच्या विटांची मूळ जाडी वेगळी, तरुण आणि म्हातारा यांच्यात फरक पडू शकतो, खाणंपिणं कमीजास्त झालं तर वाढही बदलते. म्हणून पिन्नाची मोजपट्टी घेऊन भलत्याच शिंपल्यावर ठेवायची नसते. आधी आजच्या जिवंत नातेवाइकावर मोजपट्टी लावून घ्यायची, मग त्याच घराण्याच्या जुन्या कवचांकडे जायचं. अमोनाइट तर पुरता नामशेष. आजची माकुळं त्याच्या नात्यातली, पण त्यांना असं कवच नाही. कवचवाला असा दूरचा नॉटिलस तेवढा उरला आहे. तिथे उत्तर ढोबळच येणार.

याशिवाय एकेका विटेवर विसंबत नाहीत. शेकडो विटा मोजून सरासरी काढतात. एका चपातीवरून स्वयंपाकिणीचा हात कळत नाही, दुरडीभरावरून कळतो.

"एका शिंपल्यावरून पृथ्वीचं तापमान?"

नाही, आणि असं कुणी म्हणत असेल तर ते चूक. एक शिंपला सांगतो ती एका जागची, एका खोलीवरची, काही वर्षांची गोष्ट. पाणी फारच गारठलं की बरेच शिंपले वाढणं थांबवतात, म्हणजे सगळ्यांत कडाक्याच्या थंडीचं पान डायरीतून गायबच. समुद्रतळाचा गाळ लाखो वर्षांची सलग गोष्ट सांगतो, पण त्यातलं एक बोटभर पान शेकडो-हजारो वर्षांचं मिश्रण असतं. शिंपला उलट: लाखो वर्षांतली चार-दहा वर्षंच, पण उन्हाळा-हिवाळा वेगळा दिसेल इतकी स्वच्छ. गाळ म्हणजे घराण्याची वंशावळ, शिंपला म्हणजे पणजोबांची एका सालची चोपडी. वंशावळीत न मिळणारी गोष्ट चोपडीत मिळते: त्या वर्षी पाऊस कधी लागला, उसनवारी किती झाली.

जुन्या जगातले ऋतू कसे होते हा प्रश्न क्षुल्लक नाही. सरासरी तापमान सारखं असलेल्या दोन जागांत एकीकडे वर्षभर सुखद आणि दुसरीकडे उन्हाळा जीवघेणा असू शकतो. नागपूरकरांना हे समजावून सांगायला नको.

नागपूरचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हाच्या काळ्या पाषाणाचा, त्यामुळे सागरी शिंपल्यांचे जीवाश्म आपल्याकडे शोधायला जाऊ नये. पण दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात इथे तळी साचली होती, आणि त्यांच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी सापडतात. नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं कॉलेज तिथे आहे, त्याने १८६० साली अशा शिंपल्यांचं वर्णन छापलं होतं. त्यातल्या नेहमी दिसणाऱ्या 'फायसा' या गोगलगायीच्या कवचात मात्र मोतीथर नसतो. नशीब एकेकाचं. ज्युरासिक समुद्राच्या अमोनाइटांसाठी कच्छ गाठावं लागतं.

"पृथ्वी आधीही तापली होती, मग आता कशाला ओरड?"

हा आक्षेप बहुतेक वेळा असा फेकतात की जणू जुन्या हवामानाच्या अभ्यासकांना तो माहीतच नव्हता. अहो, आधी तापली होती हे त्यांनीच तर शोधून सांगितलं.

साधारण ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी काही हजार वर्षांत पाच-सहा अंशांनी तापली. तेव्हा हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन मिसळला होता. समुद्राचं पाणी आम्लतेकडे झुकलं, खोल समुद्रातले तळाशी राहणारे सूक्ष्म जीव मोठ्या संख्येने नष्ट झाले. आज हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ४२० च्या वर गेला आहे; कारखाने येण्याआधी तो २८० होता. ही चढण चढायला आपल्याला दोनशे वर्षंही नीट लागली नाहीत. तेव्हाच्या तुलनेत वेग कितीतरी जास्त आहे.

आणि जुन्या तापमानाची खरी गरज इथेच पडते. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल? संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२१ च्या अहवालाचं उत्तर आहे, बहुधा २.५ ते ४ अंश. यात कमी आकडा खरा ठरतो की जास्त, यावर मुंबईच्या किनाऱ्यापासून मराठवाड्याच्या शेतापर्यंत बरंच काही अवलंबून आहे. हे उत्तर प्रयोगशाळेत पृथ्वी तापवून काढता येत नाही. प्रयोग आधी झालेले आहेत, भूतकाळात, आणि त्यांची वही जीवाश्मांत आहे. तेव्हा हवेत वायू किती होता आणि पाणी किती गरम होतं, ही दोन्ही कळली की आकडा आवळता येतो. दुसरी बाजू, पाणी किती गरम होतं, इथे मोतीथरासारखा स्वतंत्र साक्षीदार कामाला येतो.

पिन्नाचं काय झालं

ज्या घराण्यावर मोजपट्टी लावली त्यातला पिन्ना नोबिलिस आता जवळजवळ संपत आला आहे. २०१६ च्या शरद ऋतूत स्पेनच्या किनाऱ्यावर पिन्ना झपाट्याने मरताना दिसले. कारण निघालं एक परजीवी, ज्याला नंतर 'हॅप्लोस्पोरिडियम पिन्नी' असं नाव मिळालं. प्राण्याच्या पचनग्रंथीत शिरून ते त्याला उपाशी मारतं. काही वर्षांतच ही साथ भूमध्य समुद्रभर पसरली, आणि २०१९ साली पिन्ना 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. पाणी साडेतेरा अंशांच्या वर असलं आणि खारेपणा भूमध्य समुद्राच्या नेहमीच्या पट्ट्यात असला की रोग बळावतो, असं दिसून आलं आहे.

थोडे पिन्ना वाचले ते मोकळ्या समुद्रात नव्हे, तर किनाऱ्यालगतच्या खाजणांत: स्पेनमधलं मार मेनोर, एब्रो नदीचं मुख, फ्रान्समधलं 'तो' (Thau) नावाचं सरोवर. काही ठिकाणी पाणी समुद्राहून खारट, काही ठिकाणी नदीमुळे गोडं, आणि परजीवीला दोन्ही सोसत नाही. नेमक्या अशाच पाण्यात ऑक्सिजनचा हिशोब सगळ्यांत जास्त गोंधळतो. तिथे उरलेल्या पिन्नांची कवचं वाचायची वेळ आली, तर विटांची जाडीच मोजावी लागेल.